मालवणच्या समुद्रात जयणेचा एक दिवस

बुलढाणा जिल्ह्याच्या कोणत्याही सीमेला समुद्र लागत नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे पसरलेले पूर्णेचे खोरे, मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेला पैनगंगेचे पठार आणि बहुतेक ठिकाणी कापूस-सोयाबीनची काळी माती, असा हा मुलूख आहे. खामगावच्या कापूस आणि चांदीच्या पेढ्या, मलकापूरची रेल्वेलगतची उलाढाल, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा येथील दुकाने यांत ज्यांचे आयुष्य जाते, त्या जैन कुटुंबांचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या तीर्थांच्या दिशेने झाला. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, शत्रुंजय, गिरनार, सम्मेदशिखर ही त्या प्रवासाची ठरलेली नावे. समुद्र वाटेत भेटला तर त्याला किनाऱ्यावरून पाहून परतायचे, एवढाच त्याच्याशी संबंध होता.

आता घरातील मुले वेगळे मागतात. अंदमान, मालदीव, थायलंड येथील निळ्या पाण्याची चित्रे त्यांनी पाहिलेली असतात. पाण्यात तोंड घालून प्रवाळ आणि मासे पाहण्याचा स्नॉर्केलिंग नावाचा प्रकार त्यांना अनुभवायचा असतो. त्यासाठी विमान आणि पारपत्र लागतेच असे नाही. आपल्याच राज्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या समुद्रात हे दृश्य पाहता येते. तरीही ज्येष्ठांच्या मनात एक शंका उरते. जेथील पाण्यात असंख्य जीव आहेत आणि जेथील बाजार मासळीवर चालतो, अशा ठिकाणी श्रावकाच्या कुटुंबाने सहलीला जावे काय? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे उत्तर त्या गावात नाही. तेथे दिवस कसा घालवला जातो, यात ते आहे.

घरचे खारे पाणी

समुद्र नसला तरी खारे पाणी बुलढाणेकरांना अपरिचित नाही. लोणारचे सरोवर याच जिल्ह्यात आहे. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून निर्माण झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्याच्या तळाशी खारे, तीव्र क्षारयुक्त पाणी साठलेले आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्याच्याही कितीतरी आधी 'आईन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख येतो. या सरोवराचे क्षार एके काळी व्यापाराचा माल होते. ते काढले जात, वाळवले जात आणि बाजारात विकले जात. व्यापारी समाजाला हा इतिहास जवळचा वाटावा.

लोणारच्या पाण्यात कोणी पोहत नाही. काठावरून उतरायचे, दैत्यसूदनाच्या मंदिराचे शिल्प पाहायचे, धारेचे गोडे पाणी पाहायचे, सरोवराकाठी पक्षी निरखायचे आणि वर चढून यायचे, अशी तेथील रीत. या पाण्यात मासे जगत नाहीत, परंतु डोळ्यांना न दिसणारे जीव विपुल आहेत. जून २०२० मध्ये सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. जे पाणी मृत समजले जात होते, ते जिवंत निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

पाण्याच्या थेंबात जीव असतात, हे जैन घरातील मूल पाणी गाळण्याच्या वस्त्रावरून शिकते. लोणारने तेच संपूर्ण जिल्ह्याला रंगाने दाखवले. पाण्याला हात न लावता ते पाहून समाधान मानायचे, हा लोणारचा संस्कार समुद्राकडे जाताना बरोबर न्यावा.

शास्त्रातील आणि कथेतील समुद्र

जैन भूगोलात समुद्र कधीच दूर नव्हता. जंबूद्वीपाला वेढणारा लवणसमुद्र, त्यापलीकडे धातकीखंड, मग कालोदधी, मग अर्धा पुष्करवरद्वीप, अशी अढीच द्वीपांची रचना पाठशाळेतील मुलांना पाठ असते. द्वीप आणि समुद्र यांची ती मालिका ज्यांच्या चित्तात आहे, त्यांनी प्रत्यक्ष बेट आणि प्रत्यक्ष खारे पाणी एकदा तरी डोळे भरून पाहावे, यात काही गैर नाही.

चैत्र आणि आश्विनातील आयंबील ओळीत श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकली जाते. त्या कथेतील धवल शेठ हा समुद्रमार्गे व्यापार करणारा धनाढ्य. लोभाने आंधळा होऊन तो श्रीपालला समुद्रात ढकलतो. सिद्धचक्राचे स्मरण करणारा श्रीपाल पाण्यातून तरतो आणि श्वेतांबर परंपरेनुसार कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्यास पोहोचतो. ठाण्यातील टेंभी नाका येथील मुनिसुव्रतस्वामींचे नवपद मंदिर 'कोकण शत्रुंजय' म्हणून ओळखले जाते, ते या स्मृतीमुळेच. बुलढाण्याहून कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाने वाटेत येथे दर्शन घेतले, तर सहलीचा आरंभ योग्य ठिकाणी होतो. शिवाय समुद्रापाशी जाताना धवल शेठची आठवण असणे चांगले. तो बुडाला तो पाण्यात नव्हे, हावेत.

मलकापूर ते मालवण

मलकापूर किंवा शेगावहून मध्य रेल्वेने कल्याणपर्यंत, ठाण्याचे दर्शन आटोपून पुढे कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत आणि तेथून रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर मालवण, असा हा मार्ग. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून विदर्भाला दक्षिण कोकण खऱ्या अर्थाने जवळ आले. बोगद्यांमागून बोगदे, पुलांमागून पूल ओलांडत गाडी जाते आणि काळ्या मातीची सवय असलेल्या डोळ्यांना तांबडी जांभ्याची माती दिसू लागते.

जाण्याचा काळ जपून निवडावा. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत समुद्र खवळलेला असल्याने मालवणची जलक्रीडा बंद असते. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारीही शासनाच्या आदेशाने थांबते, कारण माशांच्या अनेक जातींचा तो प्रजननकाळ असतो. साधु-साध्वींचा चातुर्मास आणि समुद्राची ही विश्रांती यांचा बराचसा काळ एकच आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी पावसाळ्यात वाढणाऱ्या जीवसृष्टीचा विचार आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपावा, विहार सुरू व्हावेत आणि मग गृहस्थांनीही सहलीचा बेत करावा, हा क्रम धर्माला आणि समुद्राला सारखाच मानवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी शांत आणि तुलनेने स्वच्छ असते.

जिजाऊंच्या पुत्राचे बेट

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसले की काही मिनिटांत सिंधुदुर्ग किल्ला येतो. कुरटे बेटावरील या जलदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. पायाभरणीचे पूजन ज्या खडकापाशी झाले, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही दाखवतात. सुमारे ४८ एकरांचे बेट, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, अगदी जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा आणि आत राजाराम महाराजांनी उभारलेले शिवछत्रपतींचे मंदिर, हे सारे सावकाश पाहण्यासारखे आहे.

बुलढाणेकरांचे या बेटाशी वेगळे नाते आहे. १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म ज्या सिंदखेडराजात झाला, ते गाव बुलढाणा जिल्ह्यातले. समुद्र नसलेल्या मुलखातील कन्येच्या पुत्राने समुद्रात किल्ला बांधला. मातृतीर्थाच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलांना तटावर उभे करून एवढे सांगितले, तरी इतिहासाचा धडा पुरा होतो.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चारही बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. लोणारच्या खाऱ्या सरोवराकाठी गोड्या पाण्याची धार पाहिलेल्यांना याचे आश्चर्य वाटते, तसेच ओळखही पटते. ज्या ज्येष्ठांना समुद्रात उतरायचे नाही, अप्कायाच्या विराधनेचा विचार करून जे जलक्रीडा टाळतात, त्यांनी सकाळ या किल्ल्यात घालवावी. त्यांच्या निर्णयाचा मान राखणे हाही सहलीचाच भाग आहे. पाण्यात उतरणे ही कोणावर सक्ती नसावी आणि न उतरणाऱ्याला कोणी मागासलेला म्हणू नये.

पाण्याखालची वस्ती

स्नॉर्केलिंग सकाळी करणे उत्तम. वारा पडलेला असतो, लाटा लहान असतात आणि वर चढणारा सूर्यप्रकाश पाण्यात खोल जातो. होडी किल्ल्याजवळील उथळ खडकाळ भागात थांबते. अंगात तरंगते जाकीट, डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची वाकडी नळी, एवढेच साहित्य. पोहता न येणाऱ्यांसाठी तरंगते कडे असते आणि स्थानिक मार्गदर्शक ते धरून बरोबर राहतो. नाकाने श्वास घेण्याची जन्माची सवय मोडून तोंडाने श्वास घ्यायचा, एवढेच शिकावे लागते. पहिली काही मिनिटे घाबरण्यात जातात. घाई करणाऱ्याच्या नळीत पाणी शिरते, सावकाश श्वास घेणाऱ्याला काही त्रास होत नाही. सामायिकात बसण्याची सवय असलेल्यांना हे लवकर साधते, कारण दोन्हीकडे प्रारंभ श्वास संथ करण्यापासून होतो.

मग तोंड पाण्याखाली जाते आणि वरचा सारा कोलाहल बंद होतो. खाली खडक दिसतो, असे प्रथम वाटते. नजर स्थिरावली की कळते की त्या खडकाचा बराचसा भाग जिवंत आहे. गोलाकार, खवल्यांसारखे, थाळीसारखे पसरलेले प्रवाळ, फटींत काटेरी समुद्री साळू, लाटेबरोबर डोलणारी समुद्रफुले आणि त्यांच्यामधून फिरणारे मासे. पिवळसर-पांढऱ्या अंगावर पाच उभे काळे पट्टे असलेले लहान मासे थव्याने येतात आणि माणसाला न घाबरता जवळून जातात. पोपटासारख्या चोचीचा मासा खडकावरील शेवाळ खरवडतो. रंगीत, चपट्या अंगाचे फुलपाखरू मासे बहुधा जोडीने फिरतात. ज्या दिवशी समुद्र प्रसन्न असतो त्या दिवशी हे सारे स्पष्ट दिसते, ज्या दिवशी गढूळ असतो त्या दिवशी थोडक्यात समाधान मानावे लागते. पैसे मोजले म्हणून समुद्र माल दाखवीलच, असा व्यवहार येथे नाही.

मालवणचा हा समुद्र संरक्षित आहे. १९८७ मध्ये येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील असे हे एकमेव अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांना स्थान मिळाले. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे, तेच त्या खडकासारख्या दिसणाऱ्या जीवाला आहे.

प्रवाळ : दोन वर्गीकरणे, एक निष्कर्ष

'जीवविचार' प्रकरण शिकलेल्या मुलांना येथे एक प्रश्न पडतो. त्या ग्रंथात प्रवाळाची गणना स्फटिक, मणी, रत्ने यांच्याबरोबर पृथ्वीकायात होते. शंख आणि कवडी हे द्वींद्रिय, तर मासे हे पंचेंद्रिय जलचर तिर्यंच. आधुनिक प्राणिशास्त्र मात्र प्रवाळाला प्राणी मानते. अतिसूक्ष्म मुख आणि स्पर्शिका असलेल्या, पॉलिप नावाच्या हजारो जीवांची ती वसाहत असते. हे जीव चुन्याचा सांगाडा तयार करतात आणि त्यावर पुढची पिढी वसते. काही गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात.

दोन्ही वर्गीकरणे एकमेकांशी जुळत नाहीत, हे मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. वर्गवारीच्या कसोट्याच वेगळ्या आहेत. परंतु आचरणाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच निघतो. इतर अनेकांनी ज्याला निर्जीव दगड म्हटले, त्याला जैन शास्त्राने सजीव म्हटले आणि विज्ञानही त्याला सजीवच म्हणते. पृथ्वीकाय मानला तरी त्यावर पाय देताना जयणा हवी, प्राण्यांची वसाहत मानली तर ती अधिकच हवी.

प्रवाळाच्या जीवनात आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या पेशींत अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. प्रवाळ त्यांना आसरा देतो, ती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. बहुतेक रंगही त्यांचाच. जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात, हे 'तत्त्वार्थसूत्रा'तील तत्त्व जैन प्रतीकाच्या खाली लिहिलेले असते. समुद्राच्या तळाशी ते असे शब्दशः चाललेले दिसते.

पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा उष्ण राहिले की ही भागीदारी तुटते. शैवाले बाहेर पडतात, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता टिकली तर मरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळांच्या अशा चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा केली. समुद्राची उष्णता एका कुटुंबाच्या हाती नाही. म्हणूनच जो घाव कुटुंबाच्या हाती आहे, तो घालू नये.

पुण्य वाटते ते पुण्यच असते का?

सहलीतील खरी कसोटी येथे लागते. मासे जवळ यावेत आणि छायाचित्र चांगले निघावे, म्हणून पाव किंवा बिस्किटे पाण्यात सोडण्याची प्रथा अनेक पर्यटनस्थळी आहे. जैन मनाला हे सहज रुचते. कबुतरांना ज्वारी, मुंग्यांना साखर, तलावातील माशांना कणकेच्या गोळ्या घालणे हे जीवदयेचे संस्कार घरोघर आहेत. समुद्रातल्या माशांना खाऊ घातले, तर पुण्यच की, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु प्रवाळाच्या वस्तीत प्रत्येक माशाला काम आहे. शेवाळ खाणारे मासे प्रवाळावरील शेवाळ काढून टाकतात. ते पावाला सोकावले, तर शेवाळ वाढते आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतो. पाव हे माशाचे अन्न नव्हे, त्याने त्याचे पोषण होत नाही. न खाल्लेला भाग पाण्यात कुजतो. शिवाय माणसाच्या हाताला सरावलेला मासा जाळ्याच्या आणि गळाच्या हातालाही घाबरत नाही. म्हणजे देणाऱ्याचा हेतू दयेचा, पण परिणाम विराधनेचा. दया करण्याआधी त्या जीवाची गरज जाणणे, हे जयणेचे पहिले पाऊल. माशाची गरज एवढीच आहे की त्याला त्याच्या घरी निवांत राहू द्यावे.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक गुणव्रत आहे. संसारासाठी, व्यवसायासाठी काही हिंसा अटळपणे घडते. जी निष्कारण, केवळ गंमत म्हणून घडते, ती तरी टाळावी, हा त्याचा आशय. पर्यटनात घडणारी बहुतेक हिंसा याच प्रकारात मोडते. प्रवाळावर उभे राहून छायाचित्र काढणे, फांदी मोडून पाहणे, समुद्री साळूला काठीने डिवचणे, तारामासा हातात धरून मुलांना दाखवणे, यातील एकाही कृतीविना पोट उपाशी राहत नाही की दुकान बंद पडत नाही. अनर्थ हा शब्द यांना जितका चपखल लागू पडतो, तितका क्वचितच कशाला लागत असेल.

अंगाला चोपडण्याच्या उन्हाच्या मलमांतील ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायने प्रवाळाला घातक ठरतात. हवाई राज्याने २०२१ पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी घातली. त्याऐवजी पूर्ण बाह्यांचे अंगरखे घालून पाण्यात उतरावे. मर्यादा राहते, ऊन लागत नाही आणि पाण्यातही काही मिसळत नाही.

शंख, शिंपले आणि व्यापारी

किनाऱ्यावरील दुकानांत शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे मांडलेले दिसले, तर मुलांचा हात तिकडे जातो. व्यापारी कुटुंबाने येथे आपलेच शास्त्र आठवावे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते. त्रस जीवांचे दात, नखे, हाडे, कातडी ही उगमस्थानी जाऊन विकत घेऊ नयेत, कारण ग्राहक आला की मारणारा तयार होतो. मागणीतून पुरवठा कसा निर्माण होतो, हे बाजारशास्त्र त्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते. शंख हे द्वींद्रिय जीवाचे कवच आहे. त्यालाही हाच न्याय लागू होतो. शंखांच्या अनेक जाती आणि सर्व कठीण प्रवाळ यांची खरेदी-विक्री कायद्यानेही गुन्हा आहे. वाळूत पडलेला रिकामा शंखही तेथेच असू द्यावा. संन्यासी खेकडे अशाच रिकाम्या शंखांत घर करतात.

व्यापाऱ्याला हे भांडवल आणि व्याजाच्या भाषेत लगेच उमगते. प्रवाळाची वस्ती हे मूळ भांडवल, तिचे दर्शन हे व्याज. जो व्याज घेऊन परततो, त्याच्या नातवंडांनाही ते मिळते. जो भांडवलाचा तुकडा खिशात घालतो, तो पेढी बुडवतो.

येथून पुढचा प्रश्न मालवणच्या माणसांचा. हे गाव मच्छीमारांचे आहे. किनाऱ्यावर अनेकांनी मिळून ओढायची रापण ही येथील जुनी मासेमारी, आणि अभयारण्याच्या घोषणेने आपली उपजीविका जाईल, ही चिंता येथील लोकांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे. अशा गावात नाकाला रुमाल लावून, तोंड वाकडे करून हिंडणे ही अहिंसा नव्हे, तो अनादर आहे. येथील अनेक तरुण आता होडी चालवतात, पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखवतात, घरात निवासाची सोय करतात. ज्या हाताला मेलेल्या माशाचेच दाम मिळत होते, त्याला जिवंत मासा दाखवण्याचेही दाम मिळू लागले. मार्गदर्शकाला ठरलेला मोबदला घासाघीस न करता द्यावा आणि प्रवाळावर नांगर न टाकणाऱ्या, माशांना पाव न घालणाऱ्या होडीवाल्याचीच निवड करावी. ग्राहकाने अशी विचारणा केली की बाजार बदलतो, हे दुकानात बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कत्तलीतून सोडवलेल्या एका जीवाला अभयदान देण्याचे पुण्य मोठेच. येथे उपजीविकेचा एक अहिंसक मार्ग बळकट होतो, हेही अभयदानाचेच रूप आहे.

दुपारची विश्रांती आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण

सकाळी पाण्यात घालवलेला तासभर शरीराला बराच थकवतो. त्यानंतरचा दिवस मोकळा ठेवावा. मालवणला आलेले अनेक जण एका दिवसात दहा ठिकाणे उरकतात आणि कशाचेच सुख घेत नाहीत. त्याऐवजी तारकर्लीच्या सुरूच्या सावलीत बसावे किंवा कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमाकडे होडीतून संथ जाऊन यावे. एकीकडे नदीचे हिरवट पाणी, दुसरीकडे समुद्राचे निळे आणि मध्ये नारळीची चिंचोळी पट्टी. बारमाही दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला काहीही न करता बसण्याची सवय नसते. ती लावून घेण्यासाठी हे स्थान उत्तम आहे.

जेवणाची चिंता मोठी वाटते, पण आधी सांगून ठेवले तर ती सुटते. कोकणच्या शाकाहारात जैन ताटाला चालेल असे बरेच आहे. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी, नारळाच्या रसातले शिरवाळे आणि खापरोळी, लसूण न घालता केलेली सोलकढी, कोकमाचे सार. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे आणि शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी हवीत हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे. ज्या घरात पाळणे कडक आहे, तेथे खाखरे, दशम्या, मुगाचे पापड आणि पाणी गाळण्याचे वस्त्र बरोबर असतेच. अष्टमी-चतुर्दशी पाहून बेत आखला, तर हिरवी भाजी वर्ज्य असण्याची अडचणही येत नाही.

डिसेंबरात मालवणला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्या कुटुंबाला त्याआधी जेवण आटोपून किनाऱ्यावर यावे लागते. ही अडचण नसून सोय आहे. इतर पर्यटक जेवणाच्या शोधात असतात, तेव्हा हे कुटुंब वाळूवर निवांत बसलेले असते. सूर्य पाण्याला टेकतो, किल्ल्याचा तट काळा पडतो, होड्या परततात. त्यानंतर प्रतिक्रमणाची वेळ होते. दिवसभरात पाण्यातील आणि वाळूतील ज्या जीवांना आपल्याकडून कळत-नकळत पीडा झाली, त्यांची क्षमा त्याच दिवशी, त्याच समुद्राजवळ मागता येते. पाण्यात उतरलो, म्हणजे विराधना घडलीच नाही, असा दावा कोणी करू नये. ती कमीत कमी व्हावी म्हणून दिवसभर सावध राहिलो, एवढे मात्र प्रामाणिकपणे म्हणता यावे.

दिग्व्रत घेणारे श्रावक आपल्या प्रवासाची मर्यादा कोसांत ठरवतात. आजच्या काळात कोसांबरोबरच वर्तनाचीही मर्यादा ठरवणे आवश्यक झाले आहे. घरातून निघतानाच मुलांकडून चार नियम घ्यावेत : पाण्याखाली कशालाही स्पर्श करायचा नाही, कशावरही उभे राहायचे नाही, कोणत्याही जीवाला खाऊ घालायचे नाही आणि समुद्राचे काहीही घरी आणायचे नाही. हे चार पच्चक्खाण पाळून मालवणहून परतलेल्या मुलाने समुद्र पाहिला, असे म्हणता येईल. पुढच्या वेळी ते अंदमानला गेले काय किंवा मालदीवला गेले काय, पालकांना काळजीचे कारण उरणार नाही.